आधीची वीस मिनिटं

आवक-जावक कारकुनाने रविवारी सकाळीच ठरवलं, आज बायकोची चाल पकडायचीच. बायको जाऊन आठ महिने झाले होते. कपड्यांच्या घड्या घालताना ती एक बिनशब्दांची चाल गुणगुणायची. तिचा आवाज कुठेच साठवलेला नव्हता आणि आता ती चालही त्याला नीट आठवेना. याची त्याला भीती वाटायची. (स्वतःच्या चाली मात्र त्याने तीनशे बारा रेकॉर्ड केल्या होत्या. त्या कुणी ऐकायला मागत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.)

तशी ती चाल अधूनमधून यायची, नेमकी दाढीला साबण लावल्यावर. तो फेसासकट कॉम्प्युटरकडे धावायचा. सॉफ्टवेअर आधी पासवर्ड विचारायचं, मग प्रोजेक्टचं नाव, मग लय किती ठेवू? तेवढ्यात चाल पसार! कचेरीत नंबर टाकल्याशिवाय साधं पाकीट न सोडणाऱ्या माणसाच्या घरात आवक होण्याआधीच जावक होत होती.

प्रोग्रॅमर लेकीला त्याची कीव आली. शनिवारी तिने नवीनच काहीतरी बसवून दिलं. "बाबा, आता माइक दिवसभर चालूच राहील. चाल आठवली की मागाहून बटण दाबा. आधीची वीस मिनिटं आपोआप जमा होतील."

आणि रविवारी भांडी घासता घासता चाल ओठांवर आली की! त्याने ओल्या हातानेच बटण दाबलं, गॅलरीतून लेकीला बोलावलं आणि डोळे पुसत ऐकवली.

लेकीने मान खाली घातली. "बाबा, ही कपडे धुण्याच्या पावडरची जाहिरात आहे."

"काहीतरीच काय! आईची चाल आहे ती!"

"शेवटी तुम्ही पावडरचं नावसुद्धा घेतलंय."

त्याचा चेहरा इतका पडला, की तिला राहवेना. ती रेकॉर्डिंग पहिल्यापासून ऐकू लागली. नळ वाहत होता, भांडी आपटत होती आणि मागे कुणीतरी हळूच गुणगुणत होतं. चार सूर, पाचवा, सहावा...

"हीच! हीच ती!" तो ओरडला.

गॅलरीत कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या लेकीचा आवाज होता तो. लगेच त्यावर त्याचाच आवाज खेकसला, "गप्प बस गं जरा! मी आईची चाल आठवतोय!"

पुढे नुसता नळ.

"पुढचं म्हण ना," तो काकुळतीला आला.

तिने दोनदा प्रयत्न केला. सहाव्या सुरापाशी अडली. "मी काय गुणगुणत होते हेच मला माहीत नव्हतं, बाबा. आणि पुढचं मी तरी कुठे ऐकलंय? आई इथवर आली, की तुम्ही आतून ओरडायचात, गप्प बस, मी चाल लावतोय."

त्याला रडूच फुटलं. लेकही रडली. बऱ्याच वेळाने नाक पुसत तो म्हणाला, "तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये एक सुधारणा कर. माझं तोंड बंद करायचं बटण टाक."

"ते तर आई सत्तावीस वर्षं शोधत होती," लेक म्हणाली.