आठ बाय अकराची खोली

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतून सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी सलग तीन आठवडे एक दृश्य पाहिलं. हुक्केरीकर काका गाडी ठेवायच्या पोर्चमध्ये, कोऱ्या करकरीत पांढऱ्या कमोडवर, अंगात इस्त्रीचा शर्ट-पँट अशा थाटात पेपर वाचत बसलेले असायचे. कमोड कशालाही जोडलेला नव्हता. तो नुसताच फरशीवर उभा होता आणि काका त्याच्यावर. कुणी बघायला लागलं की काका पेपर खाली करून "गुड मॉर्निंग" म्हणायचे आणि वर विचारायचे, "बसून बघतासा काय? उंचीचं स्वल्प मत पाहिजे होतं."

स्वल्प म्हणजे थोडं. काका मूळचे निपाणीकडचे, पण बेंगळुरात येऊन त्यांना इतकी वर्षं झालीत की कन्नड त्यांच्या मराठीत हळदीसारखं मिसळून गेलंय. मी लग्न होऊन इथे आले ती सांगलीहून. मारतहळ्ळीच्या अलीकडच्या या वसाहतीत आमचं घर काकांच्या घराला लागून. त्यामुळे मत मागण्याच्या यादीत माझा नंबर पहिला. बसले की मीसुद्धा! भर सकाळी, हातात दुधाची पिशवी घेऊन. भाजीवाला मंजण्णा गाडी थांबवून बघत होता.

"गुडघ्याला कसं वाटतंय?" काकांनी विचारलं.

"गुडघ्याला बरं वाटतंय, काका, पण लाज वाटतेय."

"लाज मोजता येत नाही," काका म्हणाले आणि वहीत माझ्या गुडघ्याची उंची लिहिली. तो कमोड दुसऱ्या दिवशी दुकानात परत गेला. आधीचे दोनही गेले होते. 'पसंत नसेल तर परत' असं एकदा बोलून गेलेला तो दुकानदार नंतर काकांची स्कूटर दिसली की मागच्या दाराने चहाला जायचा.

यात काकांचा दोष असा नाही. चाळीस वर्षं ते इथल्या एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात होते. दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू मोजायची आणि केसभर फरक निघाला तरी तांबडी चिठ्ठी लावून परत पाठवायची, हे त्यांचं काम. ते त्यांनी इतकं मनापासून केलं की निवृत्त झाल्यावर सगळ्या जगालाच चिठ्ठ्या लावत सुटले. आमच्या गेटची कडी, समोरच्यांच्या मुलीचं स्थळ, मंजण्णाचे दोडके, सगळं "रिजेक्ट!" माझ्या पुरणपोळीची एक कड जाड आहे, हे त्यांनी ऐन सणाला ताटावर बसून सांगितलं. मग चार खाल्ल्या.

तर हा कमोड होता सुमनकाकूंसाठी. काकूंना हातापायांचा कंप सुरू झाला त्याला चार-पाच वर्षं झाली. आधी काठी आली, मग वॉकर, मग चाकांची खुर्ची. आणि घर वरच्या मजल्यावर. तीस-चाळीसच्या साईटवर, म्हणजे तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटवर, काकांनी तरुणपणी घर बांधलं ते इथल्या रीतीप्रमाणे, खाली भाडेकरू आणि वर आपण. कारखान्याची पेन्शन नाही, त्यामुळे खालच्या भाड्यावरच दोघांचं चालायचं. भाडेकरूला काढलं तर खायचं काय? मूलबाळ नाही. लिफ्टची चौकशी केली, तर त्या किमतीत पार शहराबाहेर, आनेकलच्या पुढे एक लहानसं घरच आलं असतं. मग काकांनी जुनी गाडी विकली आणि ठरवलं, पोर्चला वर छप्पर आहेच, तीन भिंती घालायच्या, मागे न्हाणीघर काढायचं आणि पुढे काकूंना खोली. न्हाणीघर सोडून आठ बाय अकरा फूट.

काकू वर अडकल्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. डॉक्टरकडे न्यायचं तर चौघांनी खुर्चीसकट उचलून जिना उतरायचा. काकू डोळे गच्च मिटून घ्यायच्या. पुढेपुढे त्या डॉक्टरलाच नको म्हणायला लागल्या. आणि ही बाई कशी, तर अख्ख्या गल्लीची खबर जिच्याकडे असायची अशी. रोज सकाळी गेटात उभी राहून मंजण्णाशी कन्नडमध्ये घासाघीस करायची आणि त्याच्याच मुलीच्या शाळेची चौकशी करून वर दोन रुपये जास्त द्यायची. आता त्यांच्या खिडकीतून दिसायची ती मागच्या घराची काळी पाण्याची टाकी. एकदा मला म्हणाल्या, "रेवती, मला काही नको गं. माणसं जाता-येताना दिसली पाहिजेत. टाकीशी किती बोलणार?"

म्हणून ही खोली. आर्किटेक्टचे पैसे वाचवायला काकाच आर्किटेक्ट झाले. न्हाणीघराच्या फरशा आणल्या त्या त्यांनी आधी अंगणात मांडल्या, त्यावर साबणाचं पाणी ओतलं, मग खोबरेल ओतलं आणि स्वतः अनवाणी चालले. एका फरशीवर सपशेल आडवे झाले. मी धावत गेले तर पडल्यापडल्याच म्हणाले, "ही रिजेक्ट. बरं झालं, मी पडलो." नळ निवडताना ते दुकानातला प्रत्येक नळ फक्त करंगळीने फिरवून बघत. काकूंच्या बोटांत जेवढा जोर उरला होता तेवढाच वापरायचा, असा नियम. दिव्याची बटणं काकूंच्या खांद्याच्या उंचीवर, आणि तीही खुर्चीत बसल्यावरच्या खांद्याच्या. त्यासाठी दर आठवड्याला वर जाऊन टेप लावायचे. काकू हल्ली जरा वाकल्या होत्या, त्यामुळे खांदा दर वेळी थोडा खाली यायचा. मग बटणं काढून खाली आणायची. भिंतीत भोकांची एक रांगच उतरत गेली. गवंडी ती लिंपायचा आणि काका तिथे उभे राहून गप्प बघायचे.

गवंडी म्हणजे नागराज मेस्त्री. रोज आनेकलहून बसने यायचा. माणूस देवासारखा शांत, पण एक दिवस तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. "अक्का, सारगे स्वल्प हेळि," म्हणाला. सरांना जरा सांगा. मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मी उडालेच. खोली दोन महिन्यांपूर्वीच पूर्ण झाली होती. तेव्हापासून काका त्याला रोज बोलावत, काहीतरी उखडायला लावत आणि पुन्हा तसंच बसवायला लावत. बिजागऱ्या तीनदा बदलल्या. रंगाचा हात चौथ्यांदा. "मजुरी घ्यायला लाज वाटते, अक्का," तो म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. मी मुळात तापट, आणि गेले दोन महिने मी रोज वर जाऊन काकूंना "झालीच बघा खोली" असं सांगत होते. तशीच तणतणत पोर्चमध्ये गेले. काका दाराला कान लावून कडी पुढेमागे करत होते.

"काय चाललंय हे?" मी म्हणाले. "ती बाई वर टाकीकडे बघत बसलीय आणि तुम्ही कडीचा आवाज ऐकताय? दोन महिने खोली तयार आहे! काकू कारखान्यातला माल आहेत काय, तुमची सही होईपर्यंत गोदामात पडून राहायला?"

इतकं बोलायला नको होतं. काकांनी कडी सोडली. खिशातून टेप काढला.

"धर," म्हणाले. मी एक टोक धरलं. "ही तिची खाट. तीन फूट. हे खुर्ची वळायला पाच. झाले आठ. बरोबर?"

"बरोबर."

"दाराकडे लांबीत बघ. दार उघडायला जागा, औषधाचं कपाट, न्हाणीघरात जायची वाट. आहे काय शिल्लक?"

"नाही."

"मग आता माझी खाट घालून दाखव."

काका भिंतीला टेकले. पंच्याहत्तरीचा माणूस, आणि मला त्या क्षणापर्यंत तो कधी म्हातारा वाटला नव्हता.

"सगळं तिच्या मापानं काढलं बघ," ते म्हणाले. "बटणं, नळ, दार. मी स्वतःला मोजायचाच विसरलो. भिंती चढल्यावर लक्षात आलं. भिंत पुढं सरकवायला जागा नाही, पैसे तर नाहीतच. आता ती खाली, मी वर. उशाशी बेल ठेवायची, वाजली की उतरायचं. सत्तेचाळीस वर्षं झाली, रेवती. दवाखान्यात होती तेव्हापण मी बाकावर झोपलो. आता एकाच घरात दोन बिऱ्हाडं."

"मग काकूंना सांगायचं की हे!"

"सांगितलं तर ती खाली यायची नाही. वरच बसेल माझ्यासाठी. आणि तिला तर रस्ता बघायचाय." मग दाराकडे बघत, "सांगत पण नाही आणि खाली आणत पण नाही. गुन्हाच आहे हा. कळतंय मला."

मला रडू आलं. तापट माणसांचं असंच असतं, आधी तोंड सुटतं आणि मागून डोळे. मी तशीच वर गेले. काकूंना काय सांगावं हे ठरलं नव्हतं, पण त्यांनी माझा चेहरा बघितला आणि हसल्या.

"सांगितलं होय तुला? मला कवाच ठाऊक आहे. आठ फुटांत दोन खाटा मावत नाहीत, हे कळायला कारखान्यात जावं लागत नाही." त्यांचा हात थरथरत होता, तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरला. "मला वाटलं, काढू देत की चार दिवस. पण आता त्यांचे गुडघे वाजायला लागलेत जिन्यात. माझ्यासाठी दिवसातनं दहादा चढ-उतर करत्यात. मी खाली गेले तर तेवढं तरी वाचेल. उद्या उतरते म्हणून सांग त्यांना. आणि मी सांगितलंय म्हणून सांग, म्हणजे आणखी काही खोट काढायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी नागराज, माझे यजमान, खालचा भाडेकरू आणि मंजण्णा अशा चौघांनी काकूंची खुर्ची जिन्यावरून उतरवली. या वेळी काकूंनी डोळे मिटले नाहीत. काका पुढे उलटे उतरत होते आणि प्रत्येक पायरीला "सावकाश, सावकाश" म्हणत होते. खोलीत नेल्यावर त्यांनी प्रदर्शनात दाखवावं तसं एकेक दाखवलं. नळ फिरवायला लावला, बटण दाबायला लावलं. काकूंनी दिवा तीनदा लावला आणि तीनदा घालवला. मग खिडकीशी खुर्ची लावली. रस्त्यावरून शाळेची रिक्षा गेली, कुणाची तरी कुत्री गेली, मंजण्णाने मुद्दाम आपली गाडी तिथेच लावून दोन गिऱ्हाइकं केली. काकू बघतच बसल्या. चहा निवून गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. काका त्यांच्या मागे उभे होते आणि ते रस्त्याकडे नाही, काकूंकडे बघत होते.

"तुमची गादी?" काकूंनी मान न वळवता विचारलं.

"वर आहे की. बेल ठेवलीय उशाशी."

"बरं," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी दूध घ्यायला बाहेर आले, तर नव्या खिडकीतून काकांचा आवाज आला. "रेवती, जरा येतेस काय? घाई नाही."

दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेले. काकू खाटेवर आडव्या. खाली फरशीवर, खाट आणि भिंतीच्या मधे, जिथे दिवसा खुर्ची वळते तिथे चटई, आणि चटईवर काका, उताणे. रात्री काकूंचा डोळा लागल्यावर ते वर गेलेच नव्हते. झोप चांगली लागली. पण पहाटे पाचला जाग आल्यावर कळलं, की जमिनीवरून उठायला गुडघे तयार नाहीत. काकूंना उठवल्याशिवाय उठता येत नाही, आणि उठवणारा खाली आडवा. दीड तास दोघं तशीच छताकडे बघत माझ्या गेटच्या आवाजाकडे कान लावून पडली होती. काकूंचा हात खाटेवरून खाली लोंबत होता आणि तो काकांनी धरून ठेवला होता. त्यामुळे तो थरथरत नव्हता.

काकूंना हसू आवरत नव्हतं. "बघ की गं हे ध्यान! मी म्हटलं, हाक मारा, तर म्हणत्यात, एवढ्या सकाळी पोरीला कशाला त्रास."

मी आधी काकूंना हात द्यायला वाकले. रात्रभर आखडल्या असतील, त्यांना न्हाणीघरात जायचं असेल, असं मनात आलं. पण काका खालून एकदम म्हणाले, "तिला नको हात लावू. आधी मला उठव."

मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं. ते भिंतीला धरून दोन मिनिटं थांबले, दम घेतला, केसांवरून हात फिरवला. मग खाटेशी जाऊन वाकले, काकूंच्या पाठीमागे हात सारला आणि म्हणाले, "हं, चल."

तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला मी तिथे जाते. मी काकांना उठवते आणि मग बाहेर येऊन पायरीवर बसते. काकूंना काका उठवतात.