घड्याळजींचा स्वेटर

"अहो, गप्प बसा ना जरा! गोष्ट चालू आहे," बायको म्हणाली आणि तिने गाडीतल्या रेडिओचा आवाज वाढवला.

कवळीकरांनी किस्सा तिथेच सोडला आणि गिअर बदलला. कवळीकर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. एका लॅबमध्ये ते लोकांच्या कवळ्या बनवत, म्हणून मित्रांनी ठेवलेलं हे नाव त्यांना कायमचं चिकटलं होतं. बायको ग्रंथालयात नोकरीला होती. दिवसभर लोकांना 'हळू बोला' सांगून ती इतकी कावलेली असायची, की संध्याकाळी नवऱ्याच्या गाडीत बसली रे बसली की तिचा पहिला हात रेडिओकडे जायचा. त्या वेळी 'परतीची गोष्ट' लागायची. श्रोत्यांनी पाठवलेली गोष्ट निवेदक वाचून दाखवायचा आणि घर येईपर्यंत बायको त्या आवाजात बुडून जायची.

आवाज भारदस्त होता, हे कवळीकरांनाही मान्य होतं. पण म्हणून एवढं? तो खाकरला तरी बायको कौतुकाने मान हलवायची. पेट्रोल यांचं, गाडी यांची, ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून पाय यांचा दुखणार, आणि बायकोचं हसू मात्र त्याला! कवळीकरांच्या पोटात रोज संध्याकाळी दुखायचं आणि त्यावर कुठल्याही डॉक्टरकडे औषध नव्हतं.

आज तर त्यांच्याजवळ सोन्यासारखा किस्सा होता. वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ, दोघांच्या कवळ्यांची लॅबमध्ये अदलाबदल झाली, परत घ्यायला दोघांना एकमेकांसमोर उभं राहावं लागलं आणि बिनदातांनी भांडता येईना, म्हणून दोघेही हसत सुटले. बायकोने यातले फक्त 'दोन भाऊ' एवढेच शब्द ऐकले होते.

त्या रात्री कवळीकरांनी दात-ओठ खात तोच किस्सा फोनवर टाइप केला आणि कार्यक्रमाला पाठवून दिला. आपण ओळखू येऊ नये म्हणून कवळ्यांच्या जागी त्यांनी गजराची घड्याळं घातली आणि स्वतःला घड्याळं दुरुस्त करणारा घड्याळजी केलं. अवेळी गजर झाला म्हणून एक भाऊ तावातावाने जिना चढतोय, दुसरा उतरतोय, दोघांच्या हातांत घड्याळं कोकलतायत आणि भांडण कुणालाच ऐकू येत नाहीये, असा मामला जमला. शेवट जरा कोरडा वाटला, म्हणून त्यांनी घड्याळजीला विधुर करून टाकलं. 'माझी बायको रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसायची,' त्यांनी लिहिलं. 'मी दिवसभरातलं सांगायचो. ती मध्ये कधी बोलायची नाही. नुसतं "मग?" म्हणायची आणि पाणी खळखळावं तशी हसायची. तापाने गेली. आता मी घड्याळांना सांगतो. ती ऐकतात, पण हसत नाहीत.'

गोष्ट चार दिवसांनी लागली. जिन्याच्या प्रसंगाला बायको इतकी हसली, की तिने डॅशबोर्डवर थापा मारल्या. कवळीकरांची छाती फुगली. मग विधुराचा भाग आला आणि बायकोने पदराने डोळे टिपले.

"किती छान सांगतात हो!" ती नाक ओढत म्हणाली. "किस्सा कसा सांगावा, हे यांच्याकडून शिकावं माणसाने."

"यात काय एवढं? मी परवा तुला तो दोन भावांचा..."

"तुमचं ते दाताचं? त्यात काय होतं?"

कवळीकरांना हसावं की रडावं कळेना. कालपर्यंत निवेदकाचा हेवा वाटत होता. आता त्यात एका घड्याळजीची भर पडली होती आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने घरात आणला होता.

दुसऱ्याच दिवशी बायको लोकर घेऊन आली.

"घड्याळजींना स्वेटर विणतेय," ती म्हणाली. "कोण आहे बिचाऱ्याला? रेडिओ स्टेशनच्या पत्त्यावर पाठवीन, ते पोचवतील."

"मी दोन हिवाळे स्वेटर मागतोय!"

"तुम्हाला मी आहे ना! बरं, उभे राहा जरा. तुमच्या अंगावर माप धरते. पोट सोडून देते, ते काही एवढे सुटलेले नसणार."

त्यानंतर रोज रात्री कवळीकर हात पसरून उभे राहायचे आणि बायको त्यांच्या अंगावर परपुरुषाचा स्वेटर लावून बघायची. गर्द निळा, उंच गळ्याचा. कवळीकरांचा नुसता जळफळाट होत होता. एकदा तर त्यांनी चिडून 'त्याला निळा शोभणार नाही' असंही सांगून पाहिलं.

स्वेटर गेला. निवेदकाने जाहीर केलं, की घड्याळजींनी स्टेशनवर येऊन आपली भेट घेऊन जावी. कवळीकरांनी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी त्यांना वाटलं, की आपण नाही गेलो तर आपल्याच बायकोने आपल्याच अंगावर बेतलेला स्वेटर कुणा शिपायाच्या अंगावर जायचा. जेवणाच्या सुट्टीत ते घड्याळजी म्हणून स्टेशनवर जाऊन थडकले.

"तुमच्या मिसेसचं ऐकून फार वाईट वाटलं हो," दारातली बाई म्हणाली.

"काय करणार," कवळीकर म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

इतक्यात निवेदक स्वतः बाहेर आला. भारदस्त आवाजाचा मालक अंगाने अगदीच काडीपैलवान निघाला, त्यामुळे कवळीकरांना क्षणभर फार बरं वाटलं. पण त्याने मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"आजोबांचं आहे. कुणालाच दुरुस्त होत नाही. म्हटलं, तुमचा हात लागला तर चालू होईल."

कवळीकरांनी घड्याळ कानाला लावलं, गंभीरपणे "हं" म्हटलं आणि खिशात टाकलं. दुसरं काय करणार? स्वेटर घेऊन बाहेर आल्यावर थंडी वाजत होती, म्हणून त्यांनी तो कोटाच्या आत घालून टाकला. बेतला होता मात्र झकास, पोट सोडून.

संध्याकाळी गाडीत तो आवाज म्हणाला, "आज घड्याळजी काका येऊन गेले. स्वेटर घेताना त्यांचे डोळे भरून आले होते. माझं घड्याळही त्यांनी दुरुस्तीला नेलंय. स्वेटर पाठवणाऱ्या ताईंना त्यांना भेटायचं असेल, तर आम्ही गाठ घालून देऊ."

"ऐकलंत?" बायको सीटवर सावरून बसली. "रविवारी जेवायलाच बोलावते त्यांना. तुम्हीही शिकाल काहीतरी."

"तो येणार नाही."

"का? तुम्हाला काय माहीत?"

"कारण तो गाडी चालवतोय."

बायको हसली नाही. सिग्नल लाल होता. कवळीकरांनी कोटाची बटणं काढली. बायकोने निळा स्वेटर पाहिला, गळा चाचपला, आपलेच टाके ओळखले. मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या तरी तिची नजर हलेना.

"गाडी बाजूला घ्या," ती म्हणाली.

कवळीकरांनी एका बंद दुकानासमोर गाडी लावली आणि सगळं कबूल केलं. कवळ्या, घड्याळं, शिपाई, खिशातलं घड्याळ. "तू माझं ऐकत नाहीस, त्याचं ऐकतेस," ते म्हणाले. "मला सहन होईना."

आता आकाशपाताळ एक होणार म्हणून त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. बायको त्यांच्याकडे वळली.

"म्हणजे तापाने मेलेली ती मी?"

"अगं, गोष्टीपुरती."

"खोटं. ती मी नव्हेच. ती मध्ये बोलायची नाही. ती पाण्यासारखी हसायची. मी कधी हसले तशी? खरं सांगा, कोण आहे ती?"

"कुणी नाही गं! आपली मनातली..."

"मनातली! म्हणजे मनात आहे!"

बायकोच्या नाकपुड्या फुगल्या होत्या. हा चेहरा कवळीकर ओळखत होते. गेले कित्येक महिने गाडीच्या आरशात त्यांना तो स्वतःचाच दिसत होता. त्यांना मनातून गुदगुल्या झाल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्यावरून कुणी जळतंय असं पहिल्यांदाच घडत होतं.

बायकोने रेडिओ बंद केला. निवेदकाचा आवाज वाक्याच्या मध्येच तुटला.

"सांगा."

"काय सांगू?"

"आज लॅबमध्ये काय झालं ते. ती ऐकू शकते, मग मला काय कान नाहीत?"

कवळीकरांनी गाडी सुरू केली. "आज ना, एक आजी आल्या होत्या," ते चाचरत म्हणाले.

"मग?" बायको पोलिसासारखी कडाडली.

"त्या म्हणाल्या, मला नवे दात हवेत..."

बायको हसू लागली. मान मागे टाकून, खळखळून, खिडकीच्या काचेवर हात आपटत हसली. किस्सा अजून सुरूही झाला नव्हता, पण कवळीकरांनी तिला ते सांगितलं नाही.