चरा दिसते काय?

तुळशीरामबापू कोणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी खिशातला चाकू काढत. पातं उघडून समोरच्याच्या नाकाखाली धरत आणि विचारत, "चरा दिसते काय?"

मी लग्न होऊन मेहकरहून खामगावात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी हा प्रश्न मला विचारला गेला. पदर सावरत मी दोन पावलं मागे सरले. सासूबाई हसून म्हणाल्या, "भेऊ नको वं, शेजारचे बापू आहेत. नाई म्हण, जातील मंग."

मी नाही म्हटलं. ते गेले.

बापूंचा सारा जन्म जिनिंगमध्ये गेला होता. रुईच्या गाठीचं तरट त्या चाकूने चिरायचं आणि आतला नमुना काढायचा, हे त्यांचं काम. काम सुटलं, चाकू राहिला. रोज सकाळी ते तो निसण्यावर घासत. धार पाच मिनिटांत यायची. पण दगडाचे बारीक चरे पात्यावर उमटायचे आणि ते घालवण्यात दुपार व्हायची. आधी पाटीचा गुळगुळीत तुकडा, मग वस्त्रगाळ राख तेलात कालवून, शेवटी जुन्या चपलेचं चामडं. हात एकाच दिशेने चालायचा. "उलटा हात मारला का नवे चरे पडतेत," हे ते न्हाव्यालासुद्धा ऐकवत. न्हाव्याने एकदा अर्धीच दाढी करून त्यांना उठवलं होतं.

सासरे सांगायचे, एकदा नागपूरहून कोणी मोठे साहेब जिनिंग पाहायला आले. बापूंनी पुढे होऊन चाकू उघडला. चपराशाने मागून त्यांना मिठीच मारली. त्या मिठीतूनही बापू विचारतच होते, "सायेब, पाहा तं खरं, चरा दिसते काय?"

एकदा सासूबाई नणंदेकडे मोताळ्याला गेल्या होत्या. संध्याकाळी मी ओट्यावर ज्वारी पाखडत होते. बापू आले, पातं पुढे धरलं. मी सुपातून मान वर न करता म्हटलं, "नाही, बापू."

ते गेले नाहीत.

"तू पाह्यलंच नाई, सूनबाई."

मला एकदम ओशाळल्यासारखं झालं.

"कोणीच पाहत नाई. नाई म्हणते अन् मोकये होते. आमची गिरजा रोज पाहे. तिची नजर लई बारीक. एक तरी चरा काढेच. मी चिडो, भांडो, अन् पुन्हा घासत बसो." त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला. "ती गेल्यापासून पात्यावर चराच पडत नाई म्हणे. असं होते काय कुठी?"

गिरजाकाकू माझ्या लग्नाच्या आधीच वारल्या होत्या.

मी सूप खाली ठेवलं. चाकू घेऊन अंगणातल्या उजेडात गेले. पातं तिरपं केलं, सरळ केलं, पुन्हा तिरपं केलं. आणि मुठीपाशी केसाएवढी एक रेघ चमकली.

"बापू, इथं आहे!"

त्यांनी चाकू हिसकावूनच घेतला. "खोटं! कुठी?" डोळ्याशी नेऊन बराच वेळ पाहत राहिले. मग चेहराभर हसले. "हाव वं! हाय की!"

"लई खोल हाय," ते म्हणाले, "येळ लागन याले." आणि घरी जायचं सोडून तिथेच ओट्यावर मांडी घालून बसले. "थोडं तेल दे वं, सूनबाई."

मी तेलाची वाटी त्यांच्यापुढे ठेवली आणि आत जाऊन आणखी दोन भाकरींचं पीठ काढलं.