जगनकाकांची स्टेशनं

जगनकाकांच्या डार्करूममध्ये घड्याळ नव्हतं. कागदावर उजेड किती वेळ पाडायचा, हे ते स्टेशनं म्हणून मोजायचे. "वैतरणा... सफाळे... केळवे रोड..." गाडी जितकी पुढे जाईल, तितका फोटो गडद. नेमक्या स्टेशनावर दिवा बंद करून म्हणायचे, "उतरला."

बोईसरला त्यांचा स्टुडिओ होता आणि वरच्या खोलीत मी भाड्याने राहायचो. कारखान्यात नोकरी लागली होती, आता लग्न जमायचं होतं. मुलीकडे पाठवायला फोटो काढला आणि हळूच सुचवलं, जरा गोरा करा.

"म्हंजे आधीच, पालघरला उतरवू?" काका म्हणाले. "तुमचं स्टेशन बोईसर हाय."

"मुलगी नाही म्हणेल हो."

"म्हनू दे. पालघरवाल्याला हो म्हनली, तर तुमी काय करनार?"

मुलगी नाहीच म्हणाली. काकांना त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. एका नवरीची आई तर मुलगी काळी दिसते म्हणून तावातावाने फोटो परत घेऊन आली. काका आत गेले आणि अगदी तसाच दुसरा काढून घेऊन आले.

स्टुडिओच्या भिंतीवर अर्धा तालुका टांगलेला होता, फक्त काकू नव्हत्या. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. मी एकदा मूर्खासारखं विचारलं, तेव्हा काकांनी मला आत नेलं आणि लाल दिव्यात एक टोपली दाखवली. टोपलीभर काळेकुट्ट कागद.

"हे सगले हिचेच हायत," ते म्हणाले.

निगेटिव्ह एकच होती, शिरगावच्या किल्ल्यावरची.

"ही मूळची वाणगावची. फोटोपन वाणगावलाच उतरतो. माहेरी जाताना बोईसरला चढली का बसायचीच नाय, दाराशी उभी. पुढचंच स्टेशन ना. आता वाणगाव म्हनलं का माजा हात चालत नाय, भाऊ. दिवा बंद केला म्हंजे ती उतरली." नवा कागद लावत म्हणाले, "आज तुमी मोजा."

मी मोजायला लागलो. बोईसर म्हटल्यावर काका पुटपुटले, "उभी राहिली." वाणगाव म्हटलं, तरी खटक्यावरचा त्यांचा हात हलेना. मी त्यावर माझा हात ठेवला आणि खटका दाबला.

औषधाच्या पाण्यात काकू हळूहळू उमटल्या. सावळ्या, हसू दाबून उभ्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तरी मला रडू आलं.

काका "उतरली" म्हणाले नाहीत. फोटो बाजूला ठेवला आणि दुसरा कागद लावला.

"परत मोजा. डहाणूपासून."

"उलटं?"

"ती परत येताना नको का?"

डहाणू, वाणगाव, बोईसर. बोईसर म्हणताच काकांनी स्वतः दिवा बंद केला. तीन स्टेशनांत फोटो कितीसा येणार? काकूंचा चेहरा जेमतेम दिसत होता.

"काका, फारच फिकट आला," मी म्हणालो.

"चालंल," ते म्हणाले. "घरी आली."

भिंतीवर त्यांनी तोच लावला.