गार्डसाहेबांची सून घाट चढते

घाबरणारी बाई मी नाही. मी फक्त आधी विचार करते! रुचिताच्या डब्यातल्या प्रत्येक द्राक्षाचे चार तुकडे करते, कारण अख्खं द्राक्ष घशात अडकू शकतं. याला भीती म्हणत नाहीत, तयारी म्हणतात. म्हणून नवरा, म्हणजे यशदीप, जेव्हा म्हणाला, "रायपूर ते जगदलपूर सायकलनं जाऊ, तीन दिवस, मधात केशकालचा घाट," तेव्हा मी नाही म्हटलं नाही. मी यादी केली.

पट्ट्या, मलम, दोन पंप, ग्लुकोज, आणि सगळ्यात शेवटी सासरे! बाबा, म्हणजे शामराव, रेल्वेत चौतीस वर्षं मालगाडीचे गार्ड होते. जुनी मारुती घेऊन ते आमच्या मागे राहणार. ज्या माणसानं अठ्ठावन्न डब्यांवर मागून नजर ठेवली, त्याला दोन सायकली काय जड? चार वर्षांची रुचिता समता कॉलनीत आजीजवळ.

"आता काही होऊच शकत नाही!" मी निघताना जाहीर केलं.

सासूबाई म्हणाल्या, "होऊ शकत नाही तं टिटॅनसचं इंजेक्शन काहून घेतलं वं?"

पहिला दिवस सपाट होता. दुसऱ्या दिवशी पहाटे कांकेर सोडलं आणि साडेनऊला घाट समोर उभा राहिला. बारा वळणं! एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढा कठडा, आणि कठड्यापलीकडे काहीच नाही. म्हणजे असेल, पण फार खाली. लोखंड भरलेले ट्रक असे कण्हत चढत होते, जणू प्रत्येकाला कळा सुटल्या आहेत. पहिल्या वळणावर बुद्धं सरणं झालं, दुसऱ्यावर धम्मं, तिसऱ्यावर संघं म्हणायला तोंडात दमच उरला नाही.

"तू हळूहळू ये, मी वर चहा सांगून ठेवतो!" असं ओरडून यशदीप पुढे गेला. त्याचं पिवळं हेल्मेट चौथ्या वळणामागे दिसेनासं झालं. फोनला रेंज नाही. मागे बाबांची गाडी होती, पण मागे पाहणार कोण? मान वळवली की हँडल सरळ दरीकडे वळायचं!

सहावं वळण ओलांडलं आणि एकदम सगळं शांत झालं. मागून एकही ट्रक येईना. वरून उतरणारे ट्रक एकामागे एक थांबत गेले. घाटात हॉर्न नाही, म्हणजे काहीतरी भयंकर झालं असणार!

"भैया, क्या हुआ?" पहिल्या ट्रकवाल्याला विचारलं.

"कोई साइकिल का मामला है दीदी, रोक दिए हैं."

चौथा म्हणाला, "साइकिल वाला गिर गया, बता रहे."

सातव्यानं नुसता हात दरीकडे केला. "सीधे खाई में. बचा नहीं होगा."

सगळ्या ट्रकची तोंडं खाली होती, म्हणजे भानगडही खालीच होती, हे आज मला समजतं. मी बीएस्सी आहे. पण त्या वेळी डोक्यात एकच, सायकलवाला म्हणजे यशदीप! रुचिताला सांगून आलो होतो की पप्पा डोंगरावरून एक गोटा आणतील. आता तिला काय सांगू? पेडलवर पाय फिरेनात. सायकल कठड्याला टेकवली. श्वास कोंडत होता म्हणून हेल्मेट काढून हँडलला अडकवलं आणि ट्रकच्या पलीकडून, डोंगराच्या कडेकडेनं, धावत सुटले. रडत, ठेचकाळत, उरलेली सगळी वळणं!

वर चहाची टपरी. चहावाली एकटीच.

"पीली टोपी वाले भैया थे यहाँ?"

"हव, थे ना! चाय बोले थे, पिए नहीं. अभी रोते-रोते नीचे भागे."

जिवंत! मी मटकन बाकावर बसले. "रोते हुए क्यों?"

"उनकी घरवाली खाई में गिर गई, बेचारी. साइकिल मिली है, टोपी मिली है, बाई नहीं मिली."

मला त्या बाईचं फार वाईट वाटलं. घरी लहान लेकरू असेल, असंही मनात आलं. मग उजेड पडला, ती बाई मी होते! ट्रकच्या एका बाजूनं मी चढले, दुसऱ्या बाजूनं तो उतरला! आणि आता तो डोळे पुसत, एका हातानं ब्रेक दाबत घाट उतरत होता. आता तर तो खरंच पडणार!

पुन्हा धावले, या वेळी खाली. माझ्या सायकलीभोवती ही गर्दी! यशदीप कठड्यावर पालथा पडलेला, दोन ड्रायव्हरांनी त्याचे पाय धरलेले, आणि तो दरीत ओरडत होता, "भावनाऽऽ! कुठं लागलं काय?"

"यशदीप, आधी मागे हो! कठडा कच्चा आहे!"

"थांब न भावना," तो न वळता म्हणाला, "मी भावनाले शोधून राहिलो!"

मग वळला. किंचाळला. मग चाळीस ट्रकसमोर त्यानं मला अशी मिठी मारली की सगळ्यांनी एकदम हॉर्न वाजवले.

शेजारी बाबा उभे. हातात लाल झंडी!

"बाबा, हे काय?"

"मंग! तुलेच दाखवून राहिलो होतो. पण तू मागे पाहशील तं शपथ!"

"पण काहून?"

"तुह्या सायकलीचा मागचा दिवा बंद. शेवटच्या डब्याले दिवा नसला तं गाडी पुढे जाऊ द्यायची नाही. चौतीस वर्षांत एकदाही नाही जाऊ देली!"

"बाबा, दिवसाचे अकरा वाजत आले!"

"नियमात घड्याळ नाही राहत."

"आणि हे ट्रक?"

"त्यायले मी कुठं थांबवलं? लाल झंडी पाहून आपल्या मनानं थांबले. समजदार लोक आहेत. विचारलं तं सांगितलं, सायकलचा मामला आहे."

तेवढ्यात खालून मोटरसायकलवर पोलीस आला. "किसने रोका रे घाट?"

चाळीस ड्रायव्हरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी खिशातून छोटी डायरी काढली, चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "केशकाल घाट, छठा मोड़. गाड़ी खड़ी हुई दस बारह, छूटी दस पचपन. विलंब तैंतालीस मिनट. कारण, बहू."

मग पेन माझ्यापुढे धरलं. "ड्रायव्हरची सही लागते, बाई."

मी गुपचूप सही केली.