विस्तवाशिवाय शिजणारी कोंबडी

मला वाटलं होतं, आमच्या विहिगा गावातल्या शाळेत मुलं अजून पाढेच घोकत असतील आणि बाई टेबलावर छडी आपटत असतील. स्कॉटलंडमध्ये तीन वर्षं शिक्षणशास्त्र शिकून मी परतले ती हे सगळं बदलायला. (सामानात वीस किलो पुस्तकं. आईची शाल राहिली.) सोमवारी शिक्षकांपुढे माझं भाषणही ठरलं होतं: 'हातांनी शिकणारं मूल'.

रविवारी चर्चहून येऊन बघते तर माझी नऊ वर्षांची भाची कागेहा एका टोपलीला जुन्या स्वेटरचं आणि केळीच्या वाळक्या पानांचं अस्तर लावतेय.

"हे काय गं?"

"आत्या, या सत्रात आम्ही विस्तवाशिवाय शिजवायला शिकतोय. थोडा वेळ चुलीवर उकळायचं, मग भांडं टोपलीत, वर उशी. तीन तासांत शिजतं."

"आपोआप?"

"आपोआप कसं? ऊब धरून ठेवावी लागते."

मी थक्क झाले. हातांनी शिकण्यावर मी ऐंशी पानांचा प्रबंध लिहिला होता. त्यात एक टोपली नव्हती. चौथीतल्या या पोरीने ऊब नावाची अदृश्य गोष्ट उशीखाली कोंडली होती!

घरातल्या मोठ्या माणसाने चाखून कागदावर सही करायची होती. सोमवारी सही नाही, तर गुण नाहीत. त्यासाठी माझ्या बाबांनी आपली पांढरी गावठी कोंबडी दिली होती. भांडं टोपलीत बसवून कागेहा गाण्याच्या सरावाला निघाली. "आत्या, उघडायचं नाही हं."

मी उघडलं. निव्वळ आदरापोटी. वाफ तोंडावर आली आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मग पहिल्यांदा पाहिलं ते खरं होतं का, म्हणून दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा मोजे घालायला. (भांड्याला. माझेच, लोकरीचे.) चौथ्यांदा ते नीट बसले का, बघायला. पाचव्यांदा वाटलं, शास्त्रीय चाचणी हवी. सगळ्यात चिवट तुकडा शिजला, तर बाकी शिजलंच! पेटा, म्हणजे कोंबडीच्या पोटातली दाणे दळणारी पिशवी, सगळ्यात चिवट. मी तो चावला. बराच वेळ चावला.

संध्याकाळी बाबा हात धुऊन बसले. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली वाढली. भांडं उघडलं. बाबांनी पळीने एकदा ढवळलं, दोनदा ढवळलं, आणि पळी खाली ठेवली.

"ही कोंबडी पेट्याशिवाय हिंडत होती का माझ्या अंगणात?"

आमच्याकडे पेटा घरच्या कर्त्या पुरुषाचा. लहान पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं, स्कॉटलंडच्या आधी.

"बाबा, ती चाचणी होती," मी म्हणाले.

"असं? मग आजपासून घरची कर्ती तू. उद्या छपराचे पत्रे बघ, आणि गाईच्या भांडणात शेजारच्या अगोया म्हाताऱ्याशी तूच बोल."

"बाबा, निदान सही तरी करा पोरीच्या कागदावर."

"मी चाखलंय काय? पेट्याआधी मी दुसरा घास कधी घेतलाय? कर्तीने चाखलंय, कर्तीने सही करावी."

मी पेन उचललं. कागेहाने कागद ओढून घेतला. तिने मांडीचा तुकडा दाबून बघितला होता. आत गुलाबी होता.

"शिजलं नाहीये, आत्या. किती वेळा उघडलंस?"

"एकदा... पाच वेळा."

तिचे डोळे भरले. पण तिने पेन्सिल घेतली आणि सहीच्या जागेवर काही न लिहिता खाली नीट लिहिलं: 'पाच वेळा उघडलं. शिजलं नाही.' मी तीन वर्षांत इतकं सरळ वाक्य लिहिलं नव्हतं. तिच्याकडे बघताना माझी मान आपोआप खाली गेली.

सकाळी मी ठरवलं: भाषण रद्द. शिक्षकांच्या सभेऐवजी आधी चौथीच्या वर्गात जायचं, वुगुत्सा बाईंपुढे उभं राहून 'चूक माझी' म्हणायचं आणि पोरीसाठी एक आठवडा मागून घ्यायचा. कागेहाला सांगितलं. तिने बराच विचार केला.

"ये," ती म्हणाली. "पण टोपली मी धरणार. आणि वर्गात बाईंनी विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही."