सासूबाईंचं नायट्रेट

जावयाचे दोन्ही हात कोपरापर्यंत खाऱ्या पाण्याच्या टाकीत होते आणि सासूबाईंना काही काम नव्हतं. नायट्रेटची चाचणी त्यांच्याकडे गेली ती एवढ्याच कारणाने.

"नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, दोन्ही बाटल्यांतले थेंब टाकायचे आणि थांबायचं," काचेवरचं शेवाळ खरवडत जावई म्हणाला. "पिवळं येईल. नेहमी पिवळंच येतं."

आलं लालभडक.

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून शेवटी पाण्यात जे साठत जातं, ते नायट्रेट. त्याला रंग नाही, वास नाही. फार वाढलं की मासे दगावतात. आधीचे मासे गेले तेव्हाच बायकोने बजावलं होतं, "आता हे नारिंगी जोडपं गेलं तर टाकी जाईल आणि तिथे माझं कपाट येईल."

त्याने लगेच पाणी बदलायला घेतलं. घरातल्या झाडून सगळ्या बादल्यांत माशांचं मीठ कालवलं. त्यातल्याच एका बादलीने सासूबाईंनी आंघोळ केली.

"साबणाला फेसच येईना," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "ओठही खारट लागतायत. तुमच्याकडे पाणी असंच येतं का, जावईबापू?"

"ते माशांचं होतं, आई."

"मग त्यांना सांगा, एक बादली मी घेतली."

पाणी बदललं. जावई फरशी पुसत होता, म्हणून चाचणी पुन्हा सासूबाईंनीच केली. लाल. त्याने माशांचं खाणं निम्म्यावर आणलं, गाळणीचा स्पंज धुतला, वाळू उपसून काढली. चाचणीचं खातं एव्हाना सासूबाईंकडेच गेलं होतं, आणि त्या रोज न चुकता लाल काढत होत्या.

मग एका दुपारी मायलेकी खरेदीला गेल्या. जावयाने एकट्याने चाचणी केली. पिवळं. त्या परतल्यावर सासूबाईंनी चपला काढता काढता चाचणी केली. लाल.

जावयाने शास्त्रीय पद्धतीने विचार केला. सासूबाई बाहेर, नायट्रेट नाही. सासूबाई घरात, नायट्रेट वर.

"आई, तुम्ही माशांना गुपचूप काही खायला घालता का?"

सासूबाईंनी चष्मा काढला. "त्यांच्या पोटात काही जात नाही म्हणून मला स्वतःला जेवण जात नाहीये. आणि मी घालते?" त्या आत गेल्या. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

"झालं समाधान?" बायको म्हणाली. तिने टाकीतलं पाणी एका पेल्यात काढून टेबलावर आणून ठेवलं. "आई, बाहेर ये. दोघंही याच पाण्याची चाचणी करा. माझ्यासमोर."

जावयाने आपली नळी भरली आणि थेंब टाकले. पिवळं. सासूबाईंनी पहिल्या बाटलीतले थेंब टाकले, दुसरी बाटली उचलली आणि बांगड्या वाजेपर्यंत ती गदागदा हलवत राहिल्या.

"हे काय करताय, आई?"

"औषध हलवल्याशिवाय घेतं का कोणी? तळाशी बसलेलं असतं सगळं."

त्यांची नळी लाल झाली. बायकोने खोक्यातली घडी न मोडलेली माहितीपत्रिका उलगडली आणि मोठ्याने वाचली. "दुसरी बाटली वापरण्यापूर्वी जोरजोरात हलवावी. अन्यथा निष्कर्ष चुकीचा येतो."

टाकीतलं जोडपं काचेला नाक लावून खाण्याची वाट बघत होतं.

"म्हणजे वर्षभर हे लालच होतं," जावई हळूच म्हणाला.

"आणि तरी बरे जगले," सासूबाई म्हणाल्या. "आता उतरवा पटकन."

"पटकन नाही चालत. त्यांना आता याचीच सवय झालीय. एकदम उतरलं तर त्यांना सोसणार नाही. दर आठवड्याला थोडं थोडं पाणी बदलायचं आणि चाचणी करत राहायची."

"किती दिवस?"

"महिने लागतील."

सासूबाईंनी टाकीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि लेकीला हाक मारली.

"अगं, ते कपाट आधी घेऊन टाक. माझे कपडे इतके दिवस बॅगेत चुरगळतील."